बाळ अंगावर पितंय आणि विमानाने जायचंय? आधी घरापासूनचा हिशेब मांडा

रत्नागिरी : बाळंतपण माहेरी करायचं आणि बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की नवऱ्याकडे जायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. पूर्वी जायचं ते मुंबईला. आता दापोली, खेड, चिपळूण, राजापूरच्या कितीतरी घरांतून सुना-लेकी तान्ह्या बाळाला घेऊन थेट आखातात जातात. तिकीट येतं, बाळाचा पासपोर्ट आणि व्हिसा होतो, आणि मग घरात एक प्रश्न निघतो, बाळ अंगावर पितंय, वाटेत कसं करायचं?

त्यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, "आठवडाभर आधीच वरचं दूध सुरू कर, म्हणजे प्रवासात हाल नकोत." हा सल्ला मानू नका. पावडरचं दूध म्हटलं की उकळलेलं पाणी, धुतलेली बाटली, मोजून घातलेली पावडर, सगळं वाटेत सांभाळावं लागतं. आईचं दूध तयार, कोमट आणि स्वच्छ असतं. शिवाय अंगावर पाजणं कमी केलं की दूधही कमी होतं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. प्रवास हे ते मोडायचं कारण नाही.

विमान तीन तासांचं, प्रवास पंधरा तासांचा

आपल्याकडच्या बहुतेकांना विमान मुंबईहून किंवा गोव्यातल्या मोपाहून पकडावं लागतं. रत्नागिरी ते मुंबई रस्त्याने सुमारे साडेतीनशे किलोमीटर. गाडीने सात-आठ तास धरा, आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोहोचायचं, दुबईचं विमान साधारण तीन तासांचं, आणि उतरल्यावर पुढची रांग. झाले पंधरा तास. लहान बाळ दोन-तीन तासांनी पितं. म्हणजे पाच ते सात वेळा पाजायचं आहे, आणि त्यातलं विमानात फार तर एकदा-दोनदा. तयारी करायची ती महामार्गाची आणि विमानतळाची.

गाडीने जाणार असाल तर दर दोन-अडीच तासांनी थांबा आधीच ठरवा. चालत्या गाडीत मांडीवर घेऊन पाजू नका, अचानक ब्रेक लागला तर बाळाला दुखापत होऊ शकते. जमत असेल तर रेल्वे सोयीची. कोकणकन्या किंवा तुतारीत आडवं होऊन पाजता येतं.

एसटीच्या अनेक स्थानकांत आणि काही सरकारी कार्यालयांत हिरकणी कक्ष आहेत. बाळाच्या ओढीने रात्रीच्या वेळी रायगडाचा कडा उतरणाऱ्या हिरकणीचंच हे नाव. पण पाटी आहे म्हणून खोली उघडी असेलच असं धरून चालू नका. डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूर अधिवेशनाला आल्या, तेव्हा विधानभवनातही अशा कक्षाची मागणी करावी लागली होती. त्यामुळे मोठी ओढणी किंवा शाल जवळ असू द्या. मोठ्या विमानतळांवर बाळासाठी वेगळी खोली असते, आत गेल्यावर कर्मचाऱ्यांना विचारा.

चढताना नाही, उतरताना जपा

विमानात हवेचा दाब बदलतो आणि कानाला दडा बसतो. मोठी माणसं आवंढा गिळतात, जांभई देतात. बाळाला ते कळत नाही. दूध पिताना ते गिळतं, तेव्हा कान आपोआप मोकळा होतो. जास्त त्रास उतरताना होतो. उतरायला साधारण अर्धा तास असताना बाळाला छातीशी घ्या. चढताना झोपलं असेल तर मुद्दाम उठवू नका. सर्दी किंवा कान दुखत असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

दोन वर्षांखालचं बाळ आईच्या मांडीवर बसू शकतं. त्याच्यासाठी छोटा पट्टा मिळतो, तो आईच्या पट्ट्यात अडकवायचा. विमानातली हवा कोरडी असते, म्हणून आईने पाणी भरपूर प्यावं. सहा महिन्यांखालच्या बाळाला मात्र वेगळं पाणी पाजू नये.

दूध काढून न्यायचं असेल तर

काही जणी पंपाने किंवा हाताने दूध काढून ठेवतात. "काढलेलं दूध शिळं होतं" असं आजी म्हणते. तिचं अर्धं बरोबर आहे, वेळ आणि गारवा पाळला नाही तर ते खराब होतंच. म्हणून हे लक्षात ठेवा :

- २५ अंशांपर्यंतच्या तापमानात ४ तास. कोकणातल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात इतकाही भरवसा ठेवू नका.
- गोठलेल्या बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थंड पेटीत २४ तास. पेटी सारखी उघडायची नाही.
- फ्रिजमध्ये, दारात न ठेवता आत ठेवलेलं, ४ दिवस.
- गोठवलेलं दूध वितळलं की पुन्हा गोठवायचं नाही.
- बाळाने उष्टं केलेलं दूध २ तासांत संपवा, नाहीतर टाका.

वर साय जमली म्हणजे दूध नासलं असं नाही, बाटली हलकेच फिरवा. गरम करताना बाटली कोमट पाण्यात ठेवा. थेट गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नको.

तपासणीत काय होतं?

२००६ साली लंडनमध्ये द्रवरूप स्फोटकांचा कट उघड झाला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय विमानांत हातातल्या सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठी द्रवाची बाटली नेण्यावर बंदी आली. बाळाचं दूध, बाळाचं खाणं आणि औषधं यांना मात्र प्रवासाच्या गरजेपुरती सूट आहे. दूध वेगळ्या पिशवीत ठेवा, रांगेत स्वतःहून सांगा आणि बाटली तपासायला द्यायची तयारी ठेवा. बर्फाच्या पिशव्या घट्ट गोठलेल्या असाव्यात. इलेक्ट्रिक पंपाची सुटी बॅटरी आणि पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवायची, मोठ्या बॅगेत चालत नाही.

बाळ बरोबर नसताना दूध नेत असाल, तर मोठ्या बाटलीवरून अडचण येऊ शकते. अशा वेळी गोठवलेलं दूध पेटीसकट मोठ्या सामानात द्या, तिथे १०० मिलिलिटरची अट नाही. निघण्याआधी विमान कंपनीला ई-मेल करा आणि उत्तर मोबाईलमध्ये ठेवा.

बाळ घरी, आई प्रवासात

परीक्षा, मुलाखत किंवा नोकरीसाठी आईला एकटीला जावं लागलं, तर बाळ घरी राहतं पण दूध थांबत नाही. तीन-चार तासांनी दूध काढलं नाही तर छाती दाटते, गाठी होतात. हातपंप स्वस्त असतो, त्याला वीजही लागत नाही. तोही नसला तर हात स्वच्छ धुऊन हाताने काढता येतं. दूध ठेवायची सोय नसेल तर ते टाकावं लागेल. जीवावर येतं, पण काढणं चुकवू नका. छाती लाल, गरम झाली आणि ताप आला तर घरगुती लेपावर दिवस काढू नका, लगेच डॉक्टर गाठा. हाताने दूध कसं काढायचं, हे निघण्याच्या आठवडाभर आधी आशाताईंकडून किंवा आरोग्य केंद्रातल्या नर्सकडून शिकून घ्या.

पिशवीत आठवणीने : बाळाचा जन्म दाखला, परदेशी जाताना बाळाचा पासपोर्ट आणि व्हिसा, दोन ओढण्या, बाळाचे तीन आणि आईचा एक जादा कपडा. आईचा कपडा सगळ्या विसरतात, आणि ओला होतो तो तोच.