घराच्या कागदावर गृहिणीचें नांव

घर गृहिणीचें, असें आपल्याकडे सुभाषितांपासून ओव्यांपर्यंत सर्वत्र सांगितलेलें आहे. घराच्या कागदावर मात्र तिचें नांव शोधूं गेल्यास बहुधा सांपडत नाहीं. दिल्लीच्या एका सरकारी खात्यानें याची दखल घेतली आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

केंद्राचीं दोन खातीं एकत्र करून २०१७ सालीं गृहनिर्माण व शहरी व्यवहार मंत्रालय बनविण्यांत आलें. २५ जून २०१५ रोजीं सुरू झालेली प्रधानमंत्री आवास योजनेची शहरी शाखा त्याच्याकडे आली. भंडारा जिल्ह्यांत तिचा अंमल भंडारा, तुमसर, पवनी अशा शहरांपुरता. खेड्यांतील घरें ग्रामविकास मंत्रालयाकडे. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या गरीब कुटुंबास केंद्राकडून दीड लाख व राज्याकडून एक लाख रुपये मिळतात, तेहि बांधकाम जसजसें वर येईल तसतसे, हप्त्यांनीं. ऑगस्ट २०२० अखेर वैनगंगेचें पाणी भंडारा शहरांत शिरलें होतें. मातीची भिंत पुरांत किती टिकते, हें तेथें कोणास सांगावयास नको.

या योजनेंतील एक अट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. घर कुटुंबांतील कर्त्या स्त्रीच्या नांवें, किंवा पतिपत्नींच्या संयुक्त नांवें असावें. घरांत प्रौढ स्त्रीच नसेल, तरच तें एकट्या पुरुषाचें. आमच्या सुशिक्षित म्हणविणाऱ्या किती घरांतून हें आपण होऊन घडलें आहे?

परंतु घरास जागा लागते, आणि जागेचा कागद जुना असतो. त्यांत नागपूर विभागांतील शहरांतून नझूलच्या, म्हणजे सरकारी मालकीच्या व पट्ट्यानें दिलेल्या, जमिनी आहेत. पट्टा आजोबांच्या नांवें आणि वारसांची नोंदच नाहीं, असें झालें म्हणजे अर्ज अडलाच. वडिलोपार्जित जागा मोकळी करावयाची तर सासरीं गेलेल्या बहिणीकडून हक्कसोडपत्र घ्यावयाचें, हा रिवाज ठरलेला. वास्तविक महाराष्ट्रांत १९९४ सालीं व देशभर २००५ सालीं हिंदु मुलीस वडिलोपार्जित मिळकतींत मुलाइतकाच वांटा कायद्यानें मिळाला आहे. तरीहि भावजयीचें नांव घरावर चढावें म्हणून नणंदेचें नांव जागेवरून उतरतें! मंत्रालयाच्या अटीचा हेतु हा खास नव्हता.

१ सप्टेंबर २०२४ पासून योजनेचा दुसरा टप्पा लागू झाला आहे. शहरांतील जागेची आखीव पत्रिका भूमि अभिलेख कार्यालयांत मिळते. तीवर कोणाकोणाचीं नांवें आहेत, हें बहिणीनें सही करण्यापूर्वीं स्वतः वाचून पाहावें.