भोंग्याआधीचे तास

भिलाईचं नाव आज पोलादाशी जोडलेलं असलं तरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते बंगाल-नागपूर रेल्वेच्या कडेचं, भातशेतीवर जगणारं खेडं होतं. त्या काळी कारखान्याचं धुराडं बघायचं तर दुर्ग ओलांडून पश्चिमेला राजनांदगाव गाठावं लागे. तिथे राजा बलरामदासांच्या संस्थानात 1890 च्या दशकात सी. पी. मिल्स उभी राहिली. थोड्याच वर्षांत ती कलकत्त्याच्या शॉ वॉलेस कंपनीकडे गेली आणि बंगाल-नागपूर कॉटन मिल्स झाली. लोकांच्या तोंडी मात्र बी.एन.सी. मिल. मजुरांचा तोटा नव्हता. 1896-97 आणि 1899-1900 अशा लागोपाठच्या दुष्काळांनी छत्तीसगडच्या माणसांना पोटामागे घराबाहेर काढलं होतंच.

हा दिवस 1919 च्या सुमाराचा, गिरणीतल्या एका नवरा-बायकोचा. जोडपं कल्पनेतलं आहे. कामं मात्र त्या काळच्या कापड गिरण्यांतली आहेत.

पहाटे 4

ती उठली आहे, तो झोपलेला आहे. पाणी भरायचं, चूल सारवायची, ढेकीवर धान कांडायचं. छत्तीसगडात पोळीसाठी जात्यावर बसावं लागत नाही म्हणून बाईचे कष्ट वाचतात, असं कुणी म्हणेल तर त्याने ही ढेकी अर्धा तास पायाने दाबून बघावी. सकाळचं खाणं आयतं आहे: रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवलेली बासी, वर मीठ, मिरची, कांदा. गिरणीच्या वेळापत्रकाला हे खाणं फार सोयीचं पडलं.

5 वाजता

पहिला भोंगा. घरात घड्याळ नाही, वस्तीतही नाही. भोंग्याने तो उठतो आणि त्याचा दिवस सुरू होतो. तिचा सुरू होऊन तास झालेला असतो, पण तो कुठल्याच हजेरीपटावर चढत नाही.

6 वाजता

फाटकावर जॉबर उभा. कामावर घेणं, काढणं, बदलीवाल्याला आज उभं करणं न करणं, सगळं त्याच्या हातात. त्याचे हात ओले करावेच लागतात. मुंबईच्या गिरण्यांत बायकांच्या खात्यावर नायकीण असे. बाई आहे म्हणून ती दस्तुरी कमी घेई, असं मात्र नाही.

आत शिरल्यावर वाटा फुटतात. कापूस पिंजायला, सूत काढायला, खळ द्यायला आणि साच्यावर, म्हणजे मागावर, पुरुष. बायका रिळिंग आणि वाइंडिंगला, म्हणजे सुताच्या लडी करायच्या किंवा सूत एका कांडीवरून दुसरीवर भरायचं. बाईची बोटं नाजूक, म्हणून तिला हे काम, असं कारण सांगत. मग तुटलेला धागा झटक्यात सांधायला साच्यावर नाजूक बोटं का नकोत? खरा फरक रोजात होता. साचेवाला गिरणीतला मानाचा कामगार, आणि कांडी भरणारी सगळ्यात कमी मिळवणाऱ्यांपैकी. दोघांनाही पैसे कामाच्या मापाने, पण त्याचं कापड मोजायचं आणि तिचं सूत तोलायचं. तराजू कारकुनाच्या हातात.

सकाळी 10

साचाखात्यात बोललेलं ऐकू येत नाही. माणसं ओठ वाचतात, खुणा करतात. सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवतात आणि खिडक्या बंद. त्याच्याकडे दोन साचे आहेत. धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि धोट्याच्या बारीक भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यायचा. दिवसभर एकाच धोट्याला अनेक तोंडं लागतात, धाग्याबरोबर तंतूही छातीत जातात. क्षयाला कसं आवतण जात असेल, हे वेगळं सांगायला नको. कापडात खोट निघाली तर दंड. कित्येक गिरण्यांत ते खराब कापड विणकराच्याच गळ्यात मारून पगारातून पैसे कापत.

दुपारी 12

जेवणाची सुट्टी. पुरुष सावलीला बसतात, बिडी ओढतात. ती अंगावरच्या मुलाला पाजायला धावते. मुंबईत तान्ह्या मुलांना अफूची गोळी देऊन निजवत आणि आया कामावर येत. सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्सबाईंनी 1922 मध्ये तसं लिहून ठेवलं आहे. त्या आयांना नावं ठेवणं सोपं आहे. बारा तास मूल कुठे ठेवायचं, हे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं.

गिरणीत जागा न मिळालेल्या बायकांसाठी गोंदिया-भंडाऱ्यापासून इथवर बिडीचं काम पसरत गेलं. तेंदूचं पान भिजवायचं, कापायचं, जर्दा भरून वळायचं, दोऱ्याने बांधायचं. संध्याकाळी माल दिला की कारखानदाराचा माणूस छाट, म्हणजे खराब ठरवलेल्या बिड्या, बाजूला काढतो. त्या बिड्यांचे पैसे मिळत नाहीत, आणि बिड्याही परत मिळत नाहीत.

संध्याकाळी 6 नंतर

सुटका. ब्रिटिश मुलखात 1891 च्या कायद्याने बायकांना अकरा तासांची मर्यादा होती आणि 1911 च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांना बारा तासांची. पण हे कायदे संस्थानात आपोआप लागू होत नसत. आगगाडीत बसून हद्द ओलांडली की तोच मजूर वेगळ्या नियमाखाली येई. राजनांदगावात बारा-तेरा तास राबणं नेहमीचं होतं.

तिने पुन्हा चूल पेटवली आहे. तो चौकात, जिथे ठाकूर प्यारेलाल सिंह या वकिलाचं नाव निघतं आहे. 1920 मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली गिरणी महिनाभराहून अधिक बंद राहिली आणि कामाचे तास खाली आले. तो अर्थातच विजय होता. मात्र कमी झाले ते दोन भोंग्यांमधले तास. ढेकीचे, पाण्याचे, चुलीचे तास कुठल्याच मागणीपत्रात नव्हते.

रात्री 10

सगळ्यांची जेवणं उरकून उद्याच्या बासीसाठी तिने भातात पाणी ओतलं. तो केव्हाच झोपला आहे.

पुढे मध्य प्रांताने 1930 मध्ये प्रसूतीच्या लाभाचा कायदा केला, मुंबई इलाख्यानंतर वर्षभरातच. कायदे येत गेले तसं बाईला गिरणीत ठेवणं मालकाला महाग वाटू लागलं आणि देशभरच्या गिरण्यांतून बायका कमी होत गेल्या. संरक्षण नको होतं असं नाही. त्याची किंमत तिच्या नोकरीतून वसूल झाली, एवढंच.

4 फेब्रुवारी 1959 ला भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली तेव्हा हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. कारखाना बांधताना डोक्यावर घमेली वाहणाऱ्या रेजा, म्हणजे मजूर बायका, हजारोंनी होत्या. भट्ट्या पेटल्यावर पाळ्या आल्या: सकाळी 6, दुपारी 2, रात्री 10. आणि 1948 च्या कायद्यानुसार संध्याकाळी 7 ते सकाळी 6 बाईला कारखान्यात कामावर ठेवता येत नव्हतं. फिरत्या पाळीची, क्वार्टर मिळवून देणारी कायम नोकरी पुरुषाची झाली. बाई उरली ठेकेदाराकडे, किंवा कारखान्याच्या दल्ली-राजहरा इथल्या खाणीत, जिथे नवरा लोहखनिज फोडे, बायको वाहून नेई आणि मजुरी दोघांच्या जोडीला मिळे. 1977 मध्ये कामगार नेते शंकर गुहा नियोगींसोबत तिथल्या ठेका मजुरांची संघटना उभी राहिली. तिचा यांत्रिकीकरणाशी झगडा पुढे वर्षानुवर्षं चालला, कारण यंत्र आलं की जोडीतली कोण आधी घरी जाईल हे बायकांना ठाऊक होतं.