कोटावरचं फूल: गुलाब सोडून काय लावाल?

आजचा विषय छोटासा. रिसेप्शनला कोटाच्या डाव्या कॉलरवर फूल लावतात ना, बुटोनिअर? नेहरूंचा गुलाब आठवा, तेच.

मागच्या मे महिन्यात दादाचं लग्न होतं. गुलाब सगळेच लावतात, म्हणून वेगळं काहीतरी शोधायचं काम माझ्याकडे आलं. मी पडलो इंजिनिअर, त्यामुळे आधी टेस्टिंग. आदल्या रविवारी एकेक फूल शर्टाला लावून घरात फिरलो. मोगरा दुपारपर्यंत पिवळा पडला. सोनचाफ्याचा वास भारी, पण हात लागला की पाकळी काळी पडते, आणि लग्नात गळाभेटी काय कमी असतात? अबोलीचा गुच्छ संध्याकाळपर्यंत टिकला. वास नाही, पण रंग तसाच. एचेव्हेरियाचं छोटं रोपटं तर दुसऱ्या दिवशीही ताजं, कारण त्याच्या जाड पानांतच पाणी साठलेलं असतं. दादासाठी तेच ठरलं.

कोट भाड्याचे, टाचणीची भोकं नकोत, म्हणून मी चुंबकाच्या पिना मागवल्या. तेवढ्यात आई म्हणाली, "अरे, बाबांना पेसमेकर आहे ना!" पोटात गोळाच आला. पेसमेकर बहुतेकदा डाव्या खांद्याखाली बसवतात, फूलही तिथंच, आणि चुंबक जवळ आला की त्याचं काम बदलू शकतं. मग बाबांना अबोली, साध्या टाचणीने, कॉलरच्या मागून तिरकी टोचून.

तर फूल निवडताना तीनच प्रश्न विचारा: किती तास टिकेल, गळाभेट सोसेल का, आणि लावणार कोण?