विश्लेषण : बॉक्सिंग अव्वल, बिलियर्ड्स तळाला... ‘सर्वांत अवघड खेळ’ ठरतो तरी कसा?

‘जगातील सर्वांत अवघड खेळ कोणता?’ हा प्रश्न समाजमाध्यमांवर दर काही महिन्यांनी नव्याने फिरू लागतो. सोबत एखादी यादी असते. तीत बॉक्सिंग किंवा जिम्नॅस्टिक्स वरच्या क्रमांकावर असते, तर बिलियर्ड्स, नेमबाजी हे खेळ शेवटच्या ओळींत. मग ‘एसीत उभे राहून काठीने चेंडू ढकलायचा, त्यात अवघड काय?’ अशी टिप्पणीही ठरलेली. भारताला वैयक्तिक खेळातील पहिले जगज्जेतेपद मात्र याच खेळाने मिळवून दिले आहे. खेळांची काठिण्यपातळी मोजतात कशी, त्या मोजणीत बिलियर्ड्स मागे का पडतो आणि ही तुलना कितपत खरी मानायची, याचा हा आढावा.

सर्वाधिक उल्लेख होणारी क्रमवारी कोणती?

अशा याद्यांचे मूळ बहुतेक वेळा एकच असते. अमेरिकेतील ईएसपीएन या क्रीडा वाहिनीने सुमारे दोन दशकांपूर्वी ६० खेळांची क्रमवारी तयार केली. त्यासाठी क्रीडाशास्त्राचे अभ्यासक, पत्रकार आणि एक नामांकित खेळाडू अशा आठ जणांचे मंडळ नेमण्यात आले. प्रत्येक खेळाला दहा निकषांवर दहापैकी गुण द्यायचे होते. दमसास, ताकद, स्फोटक शक्ती, वेग, चपळता, लवचीकता, मार सोसण्याची क्षमता, धैर्य, हात आणि डोळ्यांचा समन्वय आणि डावपेचांचे आकलन असे हे दहा निकष.

शंभरपैकी ७२.३७५ गुण मिळवून बॉक्सिंग पहिले आले. आइस हॉकी दुसरी, तर कुस्ती पाचवी. बिलियर्ड्सला २१.५ गुण मिळाले आणि तो ५९व्या स्थानी राहिला. त्याच्या खाली फक्त मासेमारी, १४.५ गुणांसह. विशेष म्हणजे क्रिकेट, कबड्डी आणि खो-खो या यादीत नाहीतच. अमेरिकी वाचकासाठी अमेरिकेत तयार झालेली यादी आहे, त्यामुळे बैलाला शिंगांनी धरून पाडण्याच्या ‘रोडिओ’ला तीत जागा आहे, पण तेंडुलकर आणि कोहली यांच्या खेळाला नाही.

बिलियर्ड्स तळाला का गेला?

याचे उत्तर बरेचसे प्रश्नपत्रिकेतच आहे. दहापैकी सात निकष थेट शरीराशी निगडित आहेत. बिलियर्ड्सचा कस लागतो तो उरलेल्या तिघांत, म्हणजे धैर्य, हात-डोळ्यांचा समन्वय आणि डावपेच यांत. या तिन्हींत परीक्षकांनी पैकीच्या पैकी गुण दिले असते तरी बेरीज ३० झाली असती. बाकीच्या सात रकान्यांत वेग, लवचीकता, मार सोसण्याची क्षमता अशा गोष्टी आहेत आणि तिथे या खेळाला जेमतेमच गुण मिळणार. म्हणजे बिलियर्ड्स कितीही सूक्ष्म कौशल्याचा खेळ असला तरी या पद्धतीत त्याची गाडी बॉक्सिंगच्या निम्म्याच्या आसपासच अडते.

दुसरा मुद्दा वजनाचा. दहाही निकषांना समान महत्त्व देण्यात आले. पण लवचीकता जिम्नॅस्टसाठी जीव की प्राण असते, तर बुद्धिबळपटूसाठी तिचा उपयोग शून्य. सर्व निकषांची सरळ बेरीज केली की ‘थोडे थोडे सगळे’ मागणारे खेळ वर जातात आणि ‘एकच गोष्ट, पण अचूक’ मागणारे खेळ खाली राहतात. परीक्षकांनी चूक केली असे नाही. त्यांनी मोजले ते खेळाडूच्या अंगी किती प्रकारच्या क्षमता लागतात हे. वाचकांनी त्याचा अर्थ ‘खेळ किती अवघड’ असा लावला.

शरीर किती खर्च होते?

अवघडपणाचा पहिला अर्थ शारीरिक श्रम हाच आहे आणि तो बऱ्यापैकी मोजता येतो. त्यासाठी संशोधक ‘मेट’ हे एकक वापरतात. स्वस्थ बसलेल्या माणसाची ऊर्जा म्हणजे एक मेट. शारीरिक हालचालींच्या २०११ च्या प्रमाणित कोष्टकात बिलियर्ड्सला २.५ मेट आहेत, म्हणजे रमतगमत चालण्याइतकेच. क्रिकेटला ४.८, तर रिंगमधील बॉक्सिंगला १२.८ मेट. या हिशेबाने बॉक्सर बिलियर्ड्सपटूच्या पाचपट ऊर्जा खर्च करतो. शिवाय समोरचा त्याला ठोसेही मारत असतो. येथे बिलियर्ड्सची बाजू घेण्यात काही अर्थ नाही.

मात्र हेच कोष्टक क्रिकेटलाही फारसे भाव देत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ताशी १४५ किलोमीटर वेगाचा चेंडू फलंदाजापर्यंत अर्ध्या सेकंदाहून कमी वेळात पोहोचतो. डोळ्यांनी पाहून हात हलवायलाच माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात. उरलेल्या वेळात फटका निवडायचा आणि खेळायचा. हे अवघड आहे, यावर कोणाचे दुमत नसावे. पण ते उष्मांकांत दिसत नाही.

चुकीला जागा किती?

अवघडपणाचा दुसरा अर्थ म्हणजे चुकीला असलेला वाव. येथे चित्र पालटते. स्नूकरचे टेबल सुमारे १२ फूट लांब आणि सहा फूट रुंद असते. चेंडूचा व्यास ५२.५ मिलिमीटर, तर पॉकेटचे तोंड ढोबळमानाने साडेआठ सेंटिमीटर. म्हणजे चेंडू मध्यावर आला तर दोन्ही बाजूंना जेमतेम दीड-दीड सेंटिमीटर जागा उरते.

आता एक साधे गणित मांडू. पांढरा चेंडू लाल चेंडूपासून दीड मीटरवर आहे आणि लाल चेंडूपासून पॉकेटही सरळ रेषेत दीड मीटरवर. फटक्याची दिशा एका अंशाच्या दहाव्या भागाने चुकली, तर पांढरा चेंडू लाल चेंडूपाशी सुमारे २.६ मिलिमीटर बाजूला पोहोचतो. हे अंतर डोळ्यांना जाणवतही नाही. पण गोल चेंडू गोल चेंडूवर आदळतो तेव्हा चूक अनेक पटींनी वाढते. लाल चेंडू जवळपास तीन अंश वाकडा जातो आणि पॉकेटपाशी पोहोचेपर्यंत सुमारे सात सेंटिमीटर दूर असतो. तो पॉकेटमध्ये जायचा असेल तर चूक एका अंशाच्या साधारण पन्नासाव्या भागातच राहायला हवी. कॅरममध्ये लांबची सोंगटी पॉकेटच्या कडेला लागून परत येते, तो अनुभव आठवा. येथे ‘बोर्ड’ १२ फुटांचा आहे.

एवढे करूनही काम अर्धेच होते. फटक्यानंतर पांढरा चेंडू पुढच्या फटक्यासाठी सोयीच्या जागी थांबायला हवा. स्नूकरमध्ये १४७ गुणांचा सर्वोच्च ब्रेक करायचा तर १५ लाल, प्रत्येकानंतर काळा आणि शेवटी सहा रंगीत असे ३६ चेंडू सलग पॉकेटमध्ये घालावे लागतात. ३६पैकी ३५ जमले तरी १४७ होत नाहीत. इंग्लिश बिलियर्ड्समध्ये तर टेबलावर तीनच चेंडू असतात. त्यांनाच पुन्हा पुन्हा हव्या त्या जागी आणून गुण वाढवत न्यायचे. गीत सेठी यांनी १९९२ च्या व्यावसायिक जागतिक स्पर्धेत असा १२७६ गुणांचा ब्रेक रचला होता.

नेमबाजीचेही तेच. दहा मीटर एअर रायफलमध्ये दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ज्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकले, त्यात दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे, म्हणजे साधारण हाताच्या बोटाच्या नखाएवढे असते. तेही ५० मीटरवरून.

मनावरचा ताण मोजता येतो का?

थेट मोजता येत नाही, पण एक बोलका पुरावा आहे. जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्था म्हणजे ‘वाडा’च्या यादीत ‘बीटा-ब्लॉकर’ गटातील औषधांवर मोजक्या खेळांतच बंदी आहे. मुळात ही रक्तदाब आणि हृदयविकारावरची औषधे. त्यांनी हृदयाचे ठोके मंदावतात आणि हाताचा कंप कमी होतो. नेमबाजी, तिरंदाजी, गोल्फ, डार्ट्स आणि बिलियर्ड्सच्या सर्व प्रकारांत स्पर्धेदरम्यान ती घेता येत नाहीत. बॉक्सर किंवा धावपटूला मात्र त्यांचा फायदा नाही, उलट तोटाच. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाचा नेमबाज किम जोंग-सू याने याच गटातील प्रोप्रॅनोलॉलमुळे दोन पदके गमावली.

म्हणजे या खेळांतील खरा प्रतिस्पर्धी स्वतःचाच हात आणि छातीतली धडधड आहे, हे नियमावलीच मान्य करते. बिलियर्ड्स आणि स्नूकरमध्ये आणखी एक अडचण असते. समोरचा खेळत असताना खुर्चीत बसून पाहण्याखेरीज काहीच करता येत नाही. बॉक्सर बचाव करू शकतो, टेनिसपटू चेंडू परतवू शकतो. येथे एक चूक झाली की पुढची संधी केव्हा, हे प्रतिस्पर्धी ठरवतो. जागतिक स्नूकर स्पर्धेची अंतिम लढत ३५ फ्रेमपर्यंत, दोन दिवस चालते.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. शरीराची झीज कमी असल्याने या खेळात कारकीर्द लांबते. रॉनी ओसुलिव्हनने २०२२ मध्ये वयाच्या ४६व्या वर्षी जगज्जेतेपद जिंकले. बॉक्सिंग किंवा जिम्नॅस्टिक्समध्ये हे जवळपास अशक्यच.

काठिण्याचा अधिकृत आकडा कुठे असतो?

तो असतो, पण एकाच खेळाच्या आत. जिम्नॅस्टिक्स आणि डायव्हिंगमध्ये प्रत्येक कसरतीचा काठिण्यांक ठरलेला असतो. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये दीपा कर्माकरने केलेल्या ‘प्रोदुनोव्हा’ व्हॉल्टचा काठिण्यांक ७ होता. तिचे कांस्यपदक ०.१५ गुणाने हुकले. पुढे जागतिक महासंघाने याच कसरतीचा काठिण्यांक कमी केला. कसरत तीच, जोखीमही तीच, आकडा मात्र बदलला. एकाच खेळातील तज्ज्ञांचे मोजमाप असे बदलत असेल, तर ६० खेळांना एका पट्टीने मोजणे किती कठीण, याची कल्पना येते.

अव्वल स्थान गाठणे किती कठीण?

हा अवघडपणाचा तिसरा अर्थ, आणि यादी करणारे बहुधा तो विसरतात. फिफाचे २११ सदस्य आहेत. फुटबॉलला एक चेंडू आणि मोकळी जागा पुरते, त्यामुळे शर्यतीत कोट्यवधी मुले असतात. बिलियर्ड्सचे टेबल महाग, त्याला मोठी खोली लागते आणि ते मुख्यतः क्लबांमध्येच सापडते. इंग्लिश बिलियर्ड्स तर भारत, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा मोजक्याच देशांत गांभीर्याने खेळला जातो. या निकषावर बिलियर्ड्सला फुटबॉलच्या बरोबरीने बसवता येणार नाही.

भारतासाठी ही तुलना महत्त्वाची का?

कारण खेळाचा दर्जा काय मानला जातो, यावर सन्मान, सुविधा आणि पालकांचा निर्णय अवलंबून असतो. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकून वैयक्तिक खेळातील पहिले भारतीय जगज्जेते ठरले. १९६४ मध्ये त्यांनी पुन्हा हा किताब जिंकला. मुंबईच्या मायकल फरेरा यांनी १९८१ मध्ये पद्मश्री नाकारली. त्याआधी सुनील गावसकर यांना पद्मभूषण देण्यात आला होता आणि जगज्जेत्या बिलियर्ड्सपटूला त्याहून कमी का, असा त्यांचा सवाल होता. १९८३ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाला. वाद दोन व्यक्तींचा नव्हता, दोन खेळांना मिळणाऱ्या वागणुकीचा होता.

पुण्यातच जन्मलेल्या पंकज अडवाणीने नोव्हेंबर २०२४ मध्ये दोहा येथे २८वे जागतिक विजेतेपद मिळवले. पण बिलियर्ड्स आणि स्नूकर ऑलिम्पिकमध्ये कधीच नव्हते. आशियाई स्पर्धांतही १९९८ ते २०१० दरम्यान असलेले हे खेळ पुढे वगळण्यात आले. पदकतालिकेत न दिसणारा खेळ सरकारी योजनांत आणि प्रायोजकांच्या यादीतही मागे राहतो.

मग सर्वांत अवघड खेळ कोणता?

शरीराची कसोटी हा निकष धरला तर बॉक्सिंग, कुस्ती यांचा दावा भक्कम आहे. चुकीला वाव किती हा निकष धरला तर नेमबाजी आणि स्नूकर वर येतात. शर्यतीतील गर्दी पाहिली तर फुटबॉलला तोड नाही. या तिन्हींची एकच बेरीज करण्याचा शास्त्रीय मार्ग नाही. त्यामुळे पुढच्या वेळी अशी यादी व्हॉट्सॲपवर आली, तर क्रमांक पाहण्याआधी निकष कोणते, त्यांना वजन कोणी दिले आणि कोणते खेळ मोजलेच नाहीत, एवढे पाहावे. मुलाने क्यू हाती घ्यायचा की हातमोजे, हे तर अशा यादीवरून मुळीच ठरवू नये.