एन्कोनोबद्दल जे ऐकलं, त्यातलं खरं किती?

कॅमेरूनचं फुटबॉल म्हटलं की १९९० चा वर्ल्ड कप आणि कॉर्नरच्या झेंड्यापाशी नाचणारा रॉजर मिला आठवतो. त्यामुळे हा संघ त्या वर्षी अचानक उगवला, असा समज पक्का झाला आहे. पण आठ वर्षं आधी, १९८२ मध्ये स्पेनला, कॅमेरूनने आपल्या पहिल्याच वर्ल्ड कपमध्ये एकही सामना गमावला नव्हता. पेरू आणि पोलंडशी ०-० आणि इटलीशी १-१ अशा तीन बरोबरी. गोलकीपर थॉमस एन्कोनोने तीन सामन्यांत एकच गोल खाल्ला. इटलीच्याही तिन्ही लढती बरोबरीतच सुटल्या, पण त्यांचे गोल दोन आणि कॅमेरूनचा एक. तेवढ्या फरकाने कॅमेरून घरी गेला. इटली पुढे विश्वविजेता झाला आणि त्याच गटातला पोलंड तिसरा आला.

एन्कोनोला युरोपने घडवलं, असंही म्हणतात. घटनाक्रम नेमका उलटा आहे. याऊंदेच्या कॅनन क्लबकडून तो १९७८ आणि १९८० मध्ये आफ्रिकेचा क्लब विजेता ठरला. ‘फ्रान्स फुटबॉल’ने १९७९ मध्ये त्याला आफ्रिकेचा सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून निवडलं, तेव्हा तो मायदेशातच खेळत होता. १९८२ मध्ये हा मान त्याला पुन्हा मिळाला. सर्वोत्तम गोलकीपर नव्हे, सर्वोत्तम खेळाडू! वर्ल्ड कपनंतर बार्सिलोनाच्या एस्पान्योलने त्याला घेतलं ते या कामगिरीवर. तिथे तो जवळजवळ दशकभर टिकला. १९८८ च्या यूएफा कपच्या अंतिम फेरीत त्याचा संघ लेव्हरकुसेनविरुद्ध पहिली लढत ३-० जिंकला, दुसरी ०-३ हरला आणि पेनल्टींवर कप गेला.

१९९० च्या संघात मात्र तो पहिल्या पसंतीचा गोलकीपर नव्हता. हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. ती जागा जोसेफ-अंत्वान बेलची होती. बेलही थोर गोलकीपर. या दोघांमधली स्पर्धा कॅमेरूनमध्ये वर्षानुवर्षं चालली. वर्ल्ड कपच्या तोंडावर बेलने संघाच्या तयारीवर उघड टीका केली, त्याची जागा गेली, आणि तिशी उलटलेल्या एन्कोनोला अर्जेंटिनाविरुद्ध उतरायचंय हे सामन्याच्या काही तास आधी कळलं. ८ जून, मिलान. मॅराडोनाचा जगज्जेता संघ समोर, आणि कॅमेरूनचे दोघे लाल कार्ड मिळून बाहेर. तरीही निकाल १-० असा कॅमेरूनच्या बाजूने लागला. मिलाचे चार गोल लोकांच्या लक्षात राहिले, ते योग्यच आहे. पण उपांत्यपूर्व फेरीपर्यंतच्या त्या वाटचालीचं श्रेय सांगताना गोलपोस्टमधल्या माणसाचं नाव गळतं, हे मला मान्य नाही.

जियानलुइजी बुफॉनला तो विसर पडला नाही. तो एन्कोनोकडे शिकला होता असा काहींचा समज असतो, तो चुकीचा. बारा वर्षांचा, मिडफिल्डमध्ये खेळणारा हा इटालियन मुलगा १९९० मध्ये एन्कोनोचा खेळ पाहून गोलकीपर झाला. पुढे त्याने आपल्या मुलाचं नाव लुई थॉमस ठेवलं.

सगळ्यात अन्यायकारक समज जादूटोण्याचा. फेब्रुवारी २००२ मध्ये बामाकोत आफ्रिकन नेशन्स कपचा माली-कॅमेरून उपांत्य सामना होता आणि एन्कोनो कॅमेरूनचा गोलकीपिंग प्रशिक्षक होता. मैदानावर त्याने मंतरलेली वस्तू टाकली, असा आरोप करून पोलिसांनी सामन्याआधी त्याला सर्वांदेखत फरफटत नेलं. आफ्रिकी महासंघाने वर बंदीही घातली. आजही त्याचं नाव निघालं की काही जण आधी हीच गोष्ट सांगतात. कॅमेरूनने तो सामना ३-० जिंकला, अंतिम फेरीत सेनेगलला पेनल्टींवर हरवून कपही राखला. एन्कोनो ज्याला तयार करत होता त्या आलिउम बुकारने त्या स्पर्धेतल्या सहा सामन्यांत पेनल्टी शूटआउट वगळता एकही गोल होऊ दिला नाही.