घड्याळाशी शर्यत: जुन्या सायकली व त्यांचे स्वार

जुन्या वस्तूंविषयी मनुष्यास ओढ का वाटते, ह्याचा शोध घेऊ गेल्यास कारण बहुधा त्या वस्तूत सापडत नाही. त्या वस्तूशी ज्यांनी झटून काम केले त्या माणसांत ते सापडते. जात्याची आठवण निघाली म्हणजे पिठाची आठवण कोणास होत नाही, पहाटेच्या ओव्यांची होते. सायकलीचेही तसेच आहे. आपल्या वाशिम जिल्ह्यात एके काळी शिक्षक, पोस्टमन, दूधवाला आणि खेडोपाडी सुवार्ता सांगत फिरणारे प्रचारक ह्या सर्वांचे वाहन सायकल हेच होते. आज पुष्कळ घरी ती गोठ्याच्या कडेला गंजत पडलेली असते, व तिच्यावर बसणे कमीपणाचे आहे अशी समजूत मुलांप्रमाणे काही पालकांतही आढळते. ह्यास्तव सायकलीच्या एका विशेष जातीची, म्हणजे वेळेच्या शर्यतीसाठी बांधलेल्या जुन्या सायकलींची, व त्यांच्या स्वारांची हकीकत सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम ही शर्यत म्हणजे काय ते पाहू. इंग्रजीत तिला टाइम ट्रायल म्हणतात. आपण तिला कालशर्यत म्हणू. सर्वसाधारण शर्यतीत सर्व स्वार एकदम सुटतात व जो प्रथम पोहोचेल तो जिंकतो. कालशर्यतीत एकेक स्वार ठराविक अंतराने, बहुधा एका मिनिटाने, एकटाच सोडतात. सर्वांचा मार्ग एकच. ज्यास सर्वांत कमी वेळ लागला तो विजयी. ह्या भेदाचे मर्म वाऱ्यात आहे. सायकल वेगाने धावू लागली म्हणजे स्वाराचे बहुतेक बळ हवा कापण्यातच खर्च होते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, व त्यास लागणारी शक्ती आठपट होते. दुसऱ्याच्या पाठीशी चिकटून चालणाऱ्याचे चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक श्रम वाचतात. म्हणून घोळक्याच्या शर्यतीत चतुर मनुष्य दुसऱ्याच्या आडोशाने चालून शेवटच्या क्षणी पुढे निसटू शकतो. कालशर्यतीत असा आडोसा घेण्यास मनाई असते. तेथे स्वार, त्याची सायकल व पंचाच्या हातातील घड्याळ एवढेच तिघे असतात.

ह्या शर्यतीचा जन्म एका अडचणीतून झाला. 1894 साली इंग्लंडातील ग्रेट नॉर्थ रोडवर शर्यत चालू असता एका बाईच्या घोडागाडीचा घोडा बुजला, तक्रार झाली, व तेथील सायकल संघाने सार्वजनिक रस्त्यांवरील घोळक्याच्या शर्यतींस बंदी घातली. त्या शर्यतीतील एक स्वार एफ. टी. बिडलेक ह्यांनी त्यावर तोड काढिली. स्वार एकेकटे सोडले तर रस्त्यावर शर्यत चालू आहे हे कोणास कळणारही नाही, असा त्यांचा विचार. 1895 च्या ऑक्टोबरात पन्नास मैलांची पहिली कालशर्यत झाली. पुढे कित्येक वर्षे ह्या शर्यती पहाटे होत. स्वारांनी गळ्यापासून घोट्यापर्यंत काळे कपडे घालावे असा नियम असे. मार्गाचे नाव उघड न लिहिता अक्षर व आकडा ह्यांच्या संकेताने लिहीत. प्रेक्षक नाहीत, वाद्ये नाहीत, टाळ्या नाहीत. आज ज्या स्वारांची आठवण जुने लोक जिव्हाळ्याने काढतात, ते अशा एकांतात धावलेले होते.

आता त्यांची सायकल कशी असे ते सांगू. आपल्याकडील दुधाचे कॅन वाहणारी सायकल सुमारे 20 किलो वजनाची असते. कालशर्यतीची जुनी सायकल साधारण त्याच्या निम्मी भरे. तिचा सांगाडा पोलादी नळ्यांचा असे, परंतु त्या नळ्या दोन्ही टोकांस, जेथे सांधा येतो तेथे, जाड व मध्ये पातळ असत. इंग्लंडातील रेनॉल्ड्स कंपनीने 1935 साली आणलेली 531 ह्या नावाची नळी ह्या कामी फार नावाजली. मडगार्ड, कॅरियर, स्टँड, घंटी ह्यांपैकी शर्यतीच्या वेळी काहीही नसे. टायर ट्यूबसभोवती शिवून सरसासारख्या द्रव्याने रिमवर चिकटविलेला असे. ही नाजूक चाके रस्त्यात खराब होऊ नयेत म्हणून पुष्कळ स्वार ती पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंस बांधून, साध्या चाकांवर शर्यतीच्या ठिकाणी जात. तेथे चाके बदलीत, शर्यत करीत, पुन्हा साधी चाके बसवून घरी परत येत. मोटारीतून सायकल नेण्याची ऐपत त्यांपैकी थोड्यांचीच होती. बहुतेक कारखान्यांत व कचेऱ्यांत राबणारे लोक होते.

पुष्कळ सायकलींस एकच गिअर, व तोही पक्का, असे; म्हणजे चाक फिरते तोवर पायही फिरलेच पाहिजेत. उतारावरसुद्धा पाय थांबविण्याची सोय नाही. विद्यार्थिमित्रांनो, येथे थोडे गणित करून पाहा. पायडलजवळच्या चक्राचे दाते 48 व मागील चक्राचे 16 असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागील चाकाचे तीन फेरे होतात. चाकाचा परीघ 2.1 मीटर धरल्यास एका फेऱ्यात सायकल 6.3 मीटर पुढे जाते. मिनिटास 90 फेरे मारल्यास 567 मीटर, म्हणजे तासास 34 किलोमीटर वेग झाला. दाते वाढविल्यास वेग वाढेल असे वाटते, परंतु पायांवरचा भारही त्याच प्रमाणात वाढतो. म्हणून इंग्लंडात हंगामाच्या आरंभीच्या काही शर्यतींत लहान गिअरच वापरावा असा नियम करीत. त्यामुळे बळापूर्वी पायांची लय सुधारे.

ह्या एकांतातील शर्यतीने घडविलेल्या स्वारांत इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातील बेरिल बर्टन ह्या बाईंचे नाव आम्ही प्रथम घेऊ. बाईंचा जन्म 1937 चा. अकराव्या वर्षाच्या सुमारास त्यांस संधिवाताच्या तापाने गाठले व कित्येक महिने इस्पितळात काढावे लागले. पुढे भावी पतीच्या नादाने त्या सायकलीवर बसू लागल्या. शेतावर मजुरी, घरकाम व मुलीचे संगोपन सांभाळून त्यांनी सराव केला, व 1959 पासून 1983 पर्यंत सतत 25 वर्षे त्या इंग्लंडातील स्त्रियांच्या कालशर्यतींत सर्वांगीण विजेत्या ठरल्या. जगज्जेतेपद त्यांस सात वेळा मिळाले. 1967 साली बारा तासांच्या शर्यतीत त्यांच्याआधी सुटलेला माइक मॅकनमारा हा स्वार त्या दिवशी पुरुषांचा नवा विक्रम करीत होता. बाईंनी त्यास रस्त्यात गाठले व पुढे जाताना खिशातील ज्येष्ठमधाची वडी त्याच्या हाती दिली. त्याचे 276.52 मैल झाले, बाईंचे 277.25, म्हणजे सुमारे 446 किलोमीटर. स्त्रियांचा हा विक्रम 2017 पर्यंत, पन्नास वर्षे, अबाधित राहिला.

आपल्या देशातही ह्या खेळाचे भक्त नव्हते असे नाही. स्वातंत्र्यानंतर अवघ्या एका वर्षाने, 1948 साली, लंडनच्या ऑलिंपिकमध्ये भारताचे सायकलस्वार उतरले. रोहिंटन नोबल, आदी हवेवाला, जहांगू अमीन, रुसी मुल्ला फिरोज ही त्या संघातील पारशी नावे. पारशी तरुणांचे सायकलप्रेम त्यापूर्वीच प्रसिद्ध होते. 1923 साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले, व त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगारा हे तिघे 1928 साली ती पुरी करून परतले. लंडनमध्ये हर्न हिल येथील जुन्या धावपट्टीवर त्या वर्षी एक किलोमीटरची कालशर्यतही झाली. ती फ्रान्सच्या जॅक ड्युपाँने 1 मिनिट 13.5 सेकंदांत जिंकली. त्या काळी आपल्याकडे शर्यतीच्या हलक्या सायकली व त्यांचे भाग परदेशांतूनच येत. मुंबईत हिंद सायकल्सचा कारखाना 1939 पासून होता, परंतु असे कारखाने मुख्यत्वे साध्या, भक्कम सायकली करीत. पुढे आयातीवर निर्बंध आले, व आपल्या स्वारांस मिळेल त्या सामग्रीवर भागवावे लागले.

महाराष्ट्रात कित्येक दशके गाजलेली मुंबई ते पुणे ही शर्यत घोळक्याची. परंतु तिच्यात एक टप्पा कालशर्यतीच्या जवळचा आहे. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंतचा बोरघाट जो प्रथम चढेल त्यास ‘घाटाचा राजा’ असा किताब मिळे. चढावर वेग मंदावतो, त्यामुळे दुसऱ्याच्या आडोशाचा लाभ फारसा उरत नाही. प्रत्येकास आपले वजन आपणच वर न्यावे लागते. मुंबई-पुण्याकडील जुन्या लोकांस एखादे वेळी अंतिम विजेत्याचे नाव आठवत नाही, पण घाटाच्या राजाचे आठवते, ते ह्याच कारणाने असावे.

आता ह्या विषयातील खरा वाद सांगतो. विजय कोणाचा, स्वाराचा की यंत्राचा? एका तासात किती अंतर तोडले हे मोजण्याचा जो ‘तासाचा विक्रम’ आहे, त्याच्या इतिहासात ह्या प्रश्नाचे उत्तर जणू प्रयोगशाळेत काढावे तसे निघाले आहे. 1972 साली बेल्जमचा एडी मर्क्स ह्याने मेक्सिको शहरी साध्या वळणाच्या हँडलच्या, आऱ्यांच्या चाकांच्या सायकलीवर 49.431 किलोमीटर अंतर काटले. 1984 साली इटलीच्या फ्रांचेस्को मोझेरने भरीव तबकड्यांसारखी चाके वापरून 51 चा आकडा ओलांडला. 1993 साली स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्री ह्याने स्वतः बांधलेल्या सायकलीवर, जिच्यात कपडे धुण्याच्या यंत्राचे बेअरिंग बसविले होते, 51.596 किलोमीटर केले. 1996 साली इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमनने हात पुढे लांब पसरून बसण्याच्या विशेष बैठकीने 56.375 पर्यंत मजल मारिली.

तेव्हा आंतरराष्ट्रीय संघाने ठरविले की, तासाचा विक्रम मर्क्सच्या वेळच्या घाटाच्या सायकलीवरच मोजावा. 2000 साली त्याच बोर्डमनने मँचेस्टर येथे जुन्या घाटाच्या सायकलीवर प्रयत्न केला. तास संपला तेव्हा आकडा होता 49.441 किलोमीटर, मर्क्सहून दहा मीटर अधिक! म्हणजे आपल्या शाळेच्या एका वर्गखोलीच्या लांबीइतके. मर्क्सला मेक्सिकोच्या उंचीवरील विरळ हवेचा लाभ झाला होता, आणि बोर्डमनच्या वयात चार वर्षांची भर पडली होती, हे आम्ही जाणतो. तरी एकाच मनुष्याच्या दोन आकड्यांत जे सुमारे सात किलोमीटरचे अंतर पडले, त्यातील मोठा वाटा यंत्राचा व बैठकीचा होता हे उघड आहे. 2014 मध्ये नियम पुन्हा सैल झाले, व 2022 साली इटलीच्या फिलिप्पो गान्ना ह्याने 56.792 किलोमीटर केले. यंत्र सुधारणे हीही मनुष्याच्या बुद्धीची थोरवी आहे. तिची निंदा आम्ही करीत नाही. परंतु जुन्या सायकलीपुढे उभे राहिले म्हणजे स्वाराचे माप स्वच्छ दिसते. तिच्याविषयीची ओढ व्यर्थ नाही असे आम्हांस वाटते ते ह्यासाठी. पुण्यात कर्वेनगर भागात विक्रम पेंडसे ह्यांनी जुन्या सायकलींचे संग्रहालय उभारिले आहे. सहलीस पुण्यास जाणाऱ्यांनी ते आवर्जून पाहावे.

संत पौलाने करिंथकरांस लिहिताना धावपटूंचा दृष्टान्त घेतला, तो त्या नगराजवळ खेळांचे सामने भरत म्हणून. आपल्या मुलांजवळ काय आहे? सायकल आहे. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून कित्येक मुलींस शाळेत येण्याकरिता सायकली मिळालेल्या आहेत. तेव्हा पालकांस आमची विनंती की, एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी गावाजवळचा रहदारी नसलेला अडीच किलोमीटरचा रस्ता मोजून घ्यावा. महामार्ग टाळावा, आपल्या जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर तर सायकलीस मज्जावच आहे. डोक्यावर हेल्मेट असावे, व वळणाच्या जागी घरचे कोणी मोठे माणूस उभे असावे. मुलाने एकट्याने जावे, परत यावे, व वेळ वहीत लिहावी. जाताना समोरचा वारा व येताना पाठीचा, म्हणजे दोन्ही सारखे झाले, असे मात्र समजू नये. जाताना तासास 15 व येताना 25 किलोमीटर वेग असेल, तर दहा मिनिटे व सहा मिनिटे मिळून सोळा होतात, आणि सरासरी 20 न येता 18.75 येते. समोरच्या वाऱ्यात आपण अधिक वेळ काढतो, हे त्याचे कारण.

दुसऱ्याचा आकडा पाहून कोणी हिरमुसले होऊ नये. मागील महिन्याच्या स्वतःच्या आकड्याशीच तुलना करावी. गोठ्याच्या कडेची जुनी सायकल भंगारवाल्यास देण्यापूर्वी तिची चेन रॉकेलने किंवा डिझेलने पुसून तेल घालावे, चाकांचे आरे ताठ करून घ्यावे, ब्रेकचे रबर बदलावे. पुष्कळदा तेवढ्यानेच ती चालू लागते. ज्या विद्यार्थ्यांनी व विद्यार्थिनींनी ह्याप्रमाणे वर्षभर आपल्या वेळा प्रामाणिकपणे टिपून ठेविल्या असतील, त्यांनी त्या वह्या पुढील वार्षिकाच्या वेळी आम्हांकडे आणून द्याव्या. त्या आम्ही आनंदाने पाहू.