भरतीला रोहित कुठे जातात?

ऐरोलीच्या जेट्टीवरून ठाणे खाडीत निघायचं तर आधी भरती-ओहोटी पाहावी लागते. जुनी कोळी मंडळी ती तिथीवरून सांगतात. पाणी फार उतरलं की होडी गाळात रुतते, आणि पूर्ण भरतीला चिखल बुडून रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उडून गेलेले असतात. मधल्या वेळेत तिवरांच्या कडेनं गेलं की उघड्या चिखलावर गुलाबी थवेच्या थवे चरताना दिसतात.

1990च्या दशकात ते शिवडीला दिसू लागले. पुढे ते खाडीभर पसरले, आणि त्यांना धरून ठेवलं ते शहराच्या सांडपाण्यानं पोसलेल्या नीलहरित शेवाळानं. छोटा रोहित प्रामुख्यानं त्यावरच जगतो. वाकडी चोच उलटी बुडवून तो शेवाळ गाळून घेतो. मोठा रोहित गाळातले बारीक जीव टिपतो. कच्छच्या रणात वीण आटोपून आलेले हे पक्षी साधारण मेपर्यंत इथे राहतात.

ऑगस्ट 2015मध्ये ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधल्या सुमारे 1,690 हेक्टरला अभयारण्याचा दर्जा मिळाला. 2017मध्ये ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र उघडलं आणि शाळेतली मुलं होडीतून रोहित पाहू लागली. 2022मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत गेली. एवढ्या गजबजलेल्या महानगराच्या मधोमध हे घडलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

पण होडीतून दिसतो तो रोहितांचा अर्धाच दिवस. चिखल बुडाला की त्यांना टेकायला उथळ पाणी लागतं. त्यासाठी ते नेरुळचा डीपीएस तलाव, सीवूड्सच्या एनआरआय वसाहतीजवळची आणि टीएस चाणक्य प्रशिक्षण संस्थेजवळची पाणथळ, उरणचं पाणजे इथे जातात. अभयारण्याची रेघ आखताना या जागा बाहेर राहिल्या. डीपीएस तलावात खाडीचं पाणी येण्याची वाट अडली, आणि 2024च्या उन्हाळ्यात तिथे रोहित मरू लागले. त्याच उन्हाळ्यात 20 मेच्या रात्री घाटकोपरवर उतरत्या विमानाच्या धडकेत जवळपास 40 रोहित गेले. ते रात्री तिथून का उडत होते, यावर पक्षिप्रेमींमध्ये बराच वाद झाला. नेरुळच्या रहिवाशांनी मात्र तलावाचा पिच्छा सोडला नाही. मानवी साखळ्या धरल्या, निवेदनं दिली, पाण्याच्या वाटा मोकळ्या करण्याचा आग्रह धरला. 2025मध्ये राज्य वन्यजीव मंडळानं या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मंजुरी दिली. दहा वर्षांतला हा निर्णय मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण त्यात पहिल्यांदा भरतीच्या वेळेचा विचार झाला.

त्याच वर्षी ऑक्टोबरात नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. आकाशात विमानं वाढत असताना रोहितांना टेकायच्या जागा शाबूत राहायला हव्यात; म्हणून आता पाणजे, एनआरआय आणि टीएस चाणक्य यांनाही डीपीएससारखंच संरक्षण हवं, आणि तेही तिथली पाण्याची तोंडं बुजण्याआधी.